दोडक्याच्या मांडवाला फुले भरपूर, फळ मात्र नाही: सड्यावरच्या शाळेतील परसबाग

सड्यावरच्या बाई

नमस्कार. राजापूर तालुक्यातील सड्यावरच्या एका प्राथमिक शाळेत मी शिकवते. पहिली ते सातवीचा पट ३४ आहे. शाळेच्या मागे दीड गुंठ्यात गेल्या वर्षापासून आम्ही परसबाग करत आहोत. या पावसाळ्यात त्या बागेने मुलांना जे शिकवले ते सविस्तर लिहावे आणि ज्या अडचणी उरल्या आहेत त्यांवर जाणकारांचा सल्ला घ्यावा, म्हणून हा धागा काढत आहे.

सडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना तिथली जमीन सांगायला नको. खाली कातळ, वर जेमतेम चार बोटे माती. भाजीसाठी खालच्या मळ्यातून माती आणावी लागली. चिऱ्याचे तुकडे कडेने रचून गादीवाफे केले, कारण चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळणाऱ्या या पट्ट्यात सपाट वाफ्यातील रोपांची मुळे कुजतात. शाळा जूनच्या मध्यास उघडत असल्यामुळे मृगाची पेरणी आम्हांला साधत नाही. आर्द्रा नक्षत्रात बी टाकले. भेंडी, काकडी, चवळी आणि लाल माठ वाफ्यांत, मोरीच्या पाण्यावर अळू, आणि बांबूच्या मांडवावर दोडका व पडवळ अशी रचना होती.

श्रावणात मांडव भरून गेला, पण दोडक्याला फळ धरेना. मुलांना कारण विचारले आणि ती जे जे म्हणाली ते सगळे फळ्यावर लिहून ठेवले. पाऊस जास्त, माती कमी, बी खराब, मधमाश्या नाहीत. मी कोणतेही उत्तर खोडले नाही. सहावी-सातवीच्या बारा मुलांनी आठवडाभर रोज साडेदहा ते अकरा मांडवाखाली उभे राहून कोणता कीटक कोणत्या फुलावर येतो याची नोंद केली. काकडीच्या आणि भेंडीच्या फुलांवर मधमाश्या येत होत्या. दोडक्याकडे कोणी फिरकत नव्हते, कारण त्या वेळी दोडक्याची फुले मलूल होऊन मिटलेली असत. तेव्हा सहावीतील एका मुलीने सांगितले की तिच्या घरचा दोडका तिन्हीसांजेला फुलतो. आई तुळशीपाशी दिवा लावते तेव्हा मांडव पिवळा दिसतो.

मला हे ठाऊक असायला हवे होते. लहानपणी आजोळच्या मांडवाखाली मी कितीतरी संध्याकाळी घालवल्या आहेत, पण शाळेच्या वेळेबाहेरही बाग चालू असते याचा मी शिक्षिका म्हणून विचारच केला नव्हता. त्या शनिवारी, पालकांना सांगून, शाळेजवळ राहणाऱ्या पाच मुलांसह सायंकाळी पाच वाजता मांडवाखाली जाऊन बसले. पाच वाजता सगळ्या कळ्या मिटलेल्या होत्या. साडेपाचच्या सुमारास पाकळ्यांची टोके सुटू लागली आणि सव्वासहापर्यंत मांडवाचा रंग बदलला. शेजारी पडवळाची पांढरी, झालरीसारख्या तंतूंची फुलेही उमलली. अंधार पडता पडता एक करड्या रंगाचा मोठा पतंग पडवळाच्या फुलासमोर हवेतच स्थिर राहिला आणि त्याने सोंड आत घातली. मुले श्वास रोखून पाहत होती. मग सर आली आणि सगळे संपले. शेजाऱ्यांकडे विचारले असता कळले की गेले पंधरा दिवस संध्याकाळ सहसा कोरडी गेलेली नव्हती.

दुसरी गोष्ट मोजणीतून समजली. दोडक्याची नर फुले लांब दांड्यावर घोसाने येतात. मादी फूल एकटे येते आणि त्याच्या मागे बोटाच्या पेराएवढा शिरा असलेला दोडका आधीपासून असतो. मुलांनी त्या संध्याकाळी ६१ नर फुले मोजली आणि मादी फुले अवघी ४. वेल आधी कितीतरी दिवस केवळ नर फुलेच देतो. म्हणजे परागकण वाहणारा पतंग पावसामुळे येत नाही आणि आला तरी त्याला मादी फूल क्वचितच भेटते, अशी ती दुहेरी अडचण होती. पुढील दहा दिवसांत मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली नर फूल तोडून मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवले आणि हाताळलेल्या प्रत्येक फुलाच्या देठाला लाल दोरा बांधला. अशी ९ फुले झाली. त्यांपैकी ६ धरली आणि ३ पिवळी पडून गळाली. दोरा न बांधलेल्या फुलांपैकी एकच फळ मिळाले.

एका पालकांनी मोठ्या आपुलकीने फवारणीचे औषध आणून दिले होते. मी ते वापरले नाही. जी भाजी मुले हाताने तोडतात आणि जी त्याच दिवशी पोषण आहाराच्या पातेल्यात जाते, तिच्यावर औषध नको हे तर आहेच. शिवाय संध्याकाळी मारलेले औषध ज्या पतंगाची आम्ही वाट पाहत होतो त्यालाच लागले असते. परसबागेतून परिसंस्था शिकवायची असेल तर उपाय करण्याआधी थांबून पाहण्याची सवय मुलांना लागली पाहिजे, हे माझे ठाम मत या अनुभवाने झाले आहे.

आता अडचणी सांगते. धरलेल्या दोडक्यांना आणि काकडीला डंख पडून आत अळ्या होत आहेत. रात्री मोठ्या गोगलगायी माठ फस्त करतात. मार्चनंतर विहिरीचे पाणी तळाला जाते आणि मे महिन्यात शाळा बंद असते, त्यामुळे गेल्या वर्षी बाग करपून गेली. मातीची आम्लता आम्ही जास्वंदीच्या फुलांच्या पाण्याने तपासली, पण रंगात फरक दिसला नाही. शेवटची अडचण अशी की शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत, बाजारात सहज मिळणाऱ्या भाजीसाठी मुलांचा एवढा वेळ का घालवता, असा प्रश्न विचारला गेला आणि मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही.

कलमवाला

बाई, नोंदी उत्तम आहेत. मी शेती शिकलो असून दापोली परिसरात आंब्याची कलमे सांभाळतो, त्यामुळे आधी डंखाविषयी लिहितो. ही फळमाशी आहे. मादी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळ्या गर खातात, फळ सडून गळते आणि अळ्या जमिनीत शिरून कोष करतात. कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला रक्षक सापळा आपल्याकडे बागायतदारांना परिचित आहे, म्हणून कोणी तुम्हांला तोच आणून लावायला सांगेल. सापळ्याचे भांडे चालेल, पण आतले आमिष बदलावे लागेल. आंब्याच्या माशीसाठी मिथाइल युजेनॉल वापरतात आणि वेलभाज्यांवरची माशी त्याकडे येत नाही. तिच्यासाठी क्यू-ल्यूर नावाचे आमिष लागते. दोन्ही आमिषे फक्त नरांना ओढतात, हेही मुलांना अवश्य सांगा. नर कमी झाले की माद्यांचे मीलन कमी होते, असा तो आडवाटेचा उपाय आहे. फळ बोटभर असतानाच त्यावर कागदी पिशवी चढवणे हा थेट उपाय आहे, परंतु पावसात कागद टिकत नाही, तेव्हा जुन्या सुती कापडाच्या पिशव्या शिवून घ्या.

डंखलेली फळे उकिरड्यावर किंवा खतखड्यात मुळीच टाकू नका. तिथे माश्यांची पुढची पिढी तयार होते. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ऊन असेल तेव्हा उन्हात ठेवावीत किंवा दोन फूट खोल पुरावीत. त्यांतले एक फळ मात्र राखून ठेवा. काचेच्या बरणीत तीन बोटे ओलसर वाळू घालून त्यावर ते ठेवावे आणि तोंडाला मलमलीचे फडके बांधावे. अळी फळातून बाहेर येताना अंग धनुष्यासारखे वाकवून उडी मारते. ती उडी एकदा पाहिलेला मुलगा फळमाशीचे जीवनचक्र पाठ करत बसत नाही. पुढे वाळूत तपकिरी कोष होतील आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत माश्या निघतील.

जास्वंदीविषयी एक दुरुस्ती सुचवतो. तो रंग लिंबाचा रस आणि साबणाचे पाणी यांतील फरक दाखवतो. जांभ्याच्या मातीची सौम्य आम्लता दाखवण्याइतका तो बारीक नाही. मातीचा नमुना तपासणीसाठी प्रयोगशाळेत द्यावा. आपल्या अतिपावसात चुनखडीसारखी विद्राव्य द्रव्ये धुऊन जातात, माती आम्ल होते आणि तिच्यातील लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून ठेवतात, म्हणून स्फुरद असूनही रोपाला मिळत नाही. तपासणीत आम्लता जास्त आली तर खाडीतील शिंपल्यांची बारीक पूड थोड्या प्रमाणात घाला. त्या पुडीवर लिंबाचा रस टाकला की फेस येतो. आम्लाला चुना मारतो म्हणजे काय, ते मुलांना तिथेच दिसेल.

वायंगणातली

ताई, मी कुडाळकडची आहे आणि शेतीच करते. गोगलगायींवर मीठ टाकायचा सल्ला तुम्हांला गावात मिळाला असेल, तो कृपया मानू नका. वाफ्यात मीठ गेले तर गोगलगाय मरते आणि मातीही बिघडते. संध्याकाळी ओल्या गोणपाटाच्या घड्या वाफ्यांच्या कडेला ठेवाव्यात. पहाटे त्यांच्याखाली गोगलगायी गोळा झालेल्या सापडतात. त्या बादलीतील मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. हे काम मोठ्यांनी हातमोजे घालून करावे, मुलांनी उघड्या हाताने त्यांना स्पर्श करू नये, कारण उंदरांमधील एका कृमीचा प्रसार या गोगलगायींमधून होतो. ही मोठी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतील आहे. १८४७ साली ती मॉरिशसहून कोलकात्यात आणली गेली आणि तिथून पसरत गेली. बाहेरून आलेला जीव शेतीला कसा भारी पडतो हे शिकवायला यापेक्षा जवळचे उदाहरण मिळणार नाही.

मे महिन्याच्या प्रश्नावर आमच्या आजीचे उत्तर सांगते. उन्हाळ्यात झोपणारी पिके लावा. सुरण, कणगर, करांदे, हळद आणि अळू यांचे कंद कोरड्या मातीत निजून राहतात. शाळा सुटण्याआधी, एप्रिलमध्ये, कंद मातीत ठेवून वर गवत आणि झावळ्यांचे आच्छादन करावे. पाणी घालावे लागत नाही. पहिल्या पावसात कोंब वर येतात आणि मुले जूनमध्ये शाळेत येतात तेव्हा बाग त्यांच्याआधीच उठलेली असते. करांदे दिवाळीनंतर काढायला येतात. दुसरा फायदा माकडांचा. आमच्याकडे वानर-माकडांनी वेलभाज्या ठेवल्याच नाहीत, परंतु सुरणाला आणि अळवाला खाज असते म्हणून ती त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. झाडाने स्वतःच्या रक्षणासाठी केलेली ही तजवीज आहे. आपण मात्र चिंच किंवा आमसूल घालून तीच भाजी खातो, हेही मुलांना सांगा.

एक पालक, चिपळूण

माझे मत थोडे निराळे आहे आणि ते आपण समजून घ्याल अशी आशा आहे. माझा मुलगा ज्या शाळेत होता तिथे परसबाग स्पर्धेपुरती उभी राहिली. छायाचित्रे काढली, फलक लावला आणि नंतर कोणी पाणीही घातले नाही. त्यामुळे बैठकीत असा प्रश्न विचारणाऱ्यांना मी दोष देणार नाही. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ५० ग्रॅम आणि सहावीपासून ७५ ग्रॅम भाजी मिळावी असा निकष आहे. अनेक ठिकाणी ती भाजी म्हणजे बटाटा आणि कांदाच असतो. केंद्र सरकारने २०१९ साली शालेय पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या त्या मुलांच्या ताटात ताजी भाजी यावी याच हेतूने. निरीक्षण, नोंदी, पतंग हे सगळे चांगलेच आहे, परंतु बागेचे पहिले माप ताटात पडलेली भाजी हेच असले पाहिजे. आपल्या बागेतून प्रत्यक्ष किती भाजी निघाली, ते आपण लिहिलेले नाही.

माजी गुरुजी

मी रायगड जिल्ह्यात ३१ वर्षे प्राथमिक शिक्षक होतो. वरील पालकांची तक्रार रास्त आहे, कारण अशा बागा मीही पाहिल्या आहेत. मात्र बाईंनी संध्याकाळी मुलांना मांडवाखाली नेले, त्याचे मोल मला फार वाटते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तिथे गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली. मूल जिथे आणि ज्या वेळी आहे तिथे शिक्षण न्यायचे, हा त्यांचा विचार होता. आपण एक पाऊल पुढे जाऊन फूल ज्या वेळी उमलते त्या वेळी वर्ग भरवलात.

पावसाळा सरल्यावर वाल पेरा, ही माझी विनंती. आमच्याकडे भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर कडवे वाल येतात. पाणी द्यावे लागत नाही की खत. सहा आठवड्यांनी एक रोप मुळासकट हलकेच उपटून धुवावे. मुळांवर मोहरीएवढ्या, कुठे त्याहून मोठ्या गाठी दिसतील. ब्लेडने गाठ कापण्याचे काम शिक्षकांनी करावे. आतला भाग गुलाबी असेल तर गाठीतील जिवाणू हवेतील नत्र रोपाला देत आहेत असे समजावे. तो गुलाबी रंग आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या जातीच्या एका प्रथिनाचा असतो. जी गाठ आत पांढरट किंवा हिरवट निघते ती काम करत नसते. चाळीस मुलांचा वर्ग एका कापलेल्या गाठीभोवती निःशब्द उभा राहिलेला मी पाहिला आहे. तुमच्या चवळीवरही या गाठी आत्ताच सापडतील.

आणखी एक गोष्ट लिहितो, कारण ती माझ्या मनाला लागून राहिली आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी उशिरा आलेल्या मुलांना शिक्षा म्हणून बागेला पाणी घालायला लावत असे. त्यांतील एक मुलगा मोठेपणी मला म्हणाला की त्याला अजून झारी हातात घ्यावीशी वाटत नाही. बागकाम ही कधीही शिक्षा होता कामा नये. मुली झाडलोट करतात आणि मुलगे खणतात अशी वाटणी नकळत होते, तिच्याकडेही लक्ष ठेवावे. पाण्याच्या पाळीत शिक्षकांचे नावही असावे.

कलमवाला

गुरुजींशी सहमत आहे. उन्हाळी चवळी लावायची झाल्यास कोकण सदाबहार हे वाण पाहावे. कुंपणाला गिरिपुष्पाच्या फांद्या रोवा. त्या सहज जगतात आणि पावसाळ्यात छाटलेला पाला वाफ्यात घातला की नत्राचे चांगले खत होते.

श्रीवर्धनचा वाडीवाला

आमच्या शाळेची बाग नारळ-सुपारीच्या सावलीत होती, तिथे अळू आणि हळदीपलीकडे काही येत नसे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने वाडी आडवी केली आणि त्याच जागेवर पुढे भेंडी आणि मिरची होऊ लागली. मुलांना सावली आणि ऊन यांचा हिशेब कोणी शिकवला नाही. त्यांनी तो डोळ्यांदेखत घडताना पाहिला. आता पुन्हा लावलेली सुपारी वाढते आहे, तशी मिरची मागे हटते आहे, आणि सध्याची मुले त्याची नोंद ठेवत आहेत. बाईंनी आपल्या वाफ्यांवर कोणत्या महिन्यात किती तास ऊन पडते, तेही लिहून ठेवावे.

सड्यावरच्या बाई

सर्वांची मनापासून आभारी आहे. गणपतीच्या सुट्टीमुळे उत्तर द्यायला उशीर झाला.

चिपळूणच्या पालकांचा प्रश्न मी तसाच्या तसा सातवीच्या मुलांपुढे ठेवला. बागेतून निघालेली भाजी स्वयंपाकघरातील काट्यावर वजन करूनच मावशींकडे जाते, त्यामुळे आकडे वहीत होतेच. पेरणीपासून आजवर ४१ किलो भाजी निघाली. पहिली ते पाचवीची २२ मुले आणि सहावी-सातवीची १२ मुले धरली तर निकषानुसार शाळेला रोज बरोबर २ किलो भाजी लागते. म्हणजे दीड गुंठ्याने आम्हांला जवळपास तीन महिन्यांत वीस दिवसांची भाजी दिली. मुलांना हा आकडा फार लहान वाटला. एकाने विचारले की मग रोजची भाजी देण्यासाठी किती जमीन लागेल, आणि दुसऱ्याने लगेच विचारले की तेवढी माती आणायची कुठून. ४१ किलो भाजीबरोबर वाफ्यातून जे निघून गेले ते परत कसे द्यायचे, यावर पुढचे दोन तास गेले. स्वयंपाकघरातील साली, पेंढा आणि गिरिपुष्पाचा पाला यांचे खत करायचे ठरले आहे. पालकांना मी हेच सांगेन की ताटाचे माप मला मान्य आहे, आणि ते माप मुलांनी स्वतः घेतल्यामुळेच त्यांना जमीन, पाणी आणि खत यांचा हिशेब विचारावासा वाटला. समितीच्या पुढच्या बैठकीत ती वही घेऊन दोन मुलेच बोलणार आहेत.

चवळीचे एक रोप उपटून पाहिले. अकरा गाठी होत्या. आठ कापल्या, त्यांतील सहा आत गुलाबी होत्या. गुरुजी, वर्ग खरोखर निःशब्द झाला होता. पाण्याच्या पाळीच्या तक्त्यावर माझे आणि मुख्याध्यापिकांचे नाव आजच लिहिले आहे. वाल दिवाळीच्या सुट्टीनंतर पेरू, आणि एप्रिलसाठी करांद्याचे कंद एका आजीबाईंनी देऊ केले आहेत.

क्यू-ल्यूर अजून मिळालेले नाही. बरणी मात्र सुट्टीआधीच मांडली होती आणि शाळेजवळ राहणाऱ्या मुलीकडे ती सांभाळायला दिली होती. तिने वहीत लिहिले आहे: ‘चौथा दिवस. सात अळ्या बाहेर. एकीने बरणीच्या अर्ध्यापर्यंत उडी मारली. आजी म्हणाली फेकून दे, मी दिली नाही. सहावा दिवस. अळ्या दिसत नाहीत. वाळू हलवली नाही.’ आज सकाळी वाळू हळूच बाजूला केली तेव्हा पाच तपकिरी कोष मिळाले, म्हणजे उरलेल्या दोन अळ्यांचा हिशेब अजून लागायचा आहे. फडके घट्ट बांधून बरणी पुन्हा खिडकीत ठेवली आहे.